अमृताचा पंक्तिप्रपंच

१९३१ साली अमेरिकेतील 'अमेझिंग स्टोरीज' या मासिकात नील जोन्स नावाच्या लेखकाची एक विज्ञानकथा प्रसिद्ध झाली. तीतील प्राध्यापक जेमसन मृत्यूनंतर आपला देह मातीच्या किंवा अग्नीच्या स्वाधीन न करता अग्निबाणात घालून अंतराळात धाडण्याची व्यवस्था करून ठेवतात. तेथील थंडीत तो देह चार कोटी वर्षे जसाच्या तसा राहतो. मग परग्रहावरील कोणी यंत्रदेही जीव तो शोधून काढतात, त्यातील मेंदू यंत्रात बसवतात आणि प्राध्यापकमहाशय पुन्हा विचार करू लागतात! कथा म्हणून ती बेताचीच. परंतु रॉबर्ट एटिंगर नावाच्या एका मुलाने ती वाचली आणि तिने त्याचा पिच्छा जन्मभर सोडला नाही. पुढे हे एटिंगर भौतिकशास्त्राचे अध्यापक झाले, आणि मृतदेह गोठवून ठेवावेत, उद्याचे विज्ञान त्यांना उठवील, असे प्रतिपादन करणारे त्यांचे पुस्तक १९६४ साली सर्वत्र गाजले. १२ जानेवारी १९६७ रोजी जेम्स बेडफर्ड या निवृत्त प्राध्यापकाचा देह या रीतीने गोठविण्यात आला. तो आजही अ‍ॅरिझोना राज्यात द्रवरूप नायट्रोजनात ठेवलेला आहे. २०११ साली स्वतः एटिंगरही वारले आणि त्याच मार्गाने गेले. या मंडळींपैकी अद्याप कोणी उठून बसलेले नाही, हे सांगावयास नकोच.

हा सारा पाश्चात्त्यांचा छांदिष्टपणा म्हणून आपण हसून सोडून देऊ शकलो असतो. पण तो अधिकार आपल्याला नाही. मृत्यूला हुलकावणी देण्याच्या विद्येला मराठीत 'काळवंचना' असा नेमका शब्द शतकानुशतके आहे, आणि शब्द आहे त्या अर्थी हौसही होती. योगी चांगदेवांनी प्राण मस्तकी चढवून काळाला चौदाशे वर्षे चकवले, ही आख्यायिका कोणत्या मराठी मुलाने ऐकलेली नाही? इतके दीर्घायुष्य पदरी असलेल्या या सिद्धपुरुषाला कोवळ्या वयाच्या ज्ञानेश्वरांना पत्र लिहिताना मायना सुचला नाही, कागद तसाच गेला, आणि एवढे जगूनही हे कोरेच राहिले असे मुक्ताबाई म्हणाल्या, अशी परंपरा सांगते. चौदाशे वर्षांचा हिशेब एका शब्दात चुकता करणारी ही समीक्षा कोणत्याही विज्ञानकथेच्या वाट्याला अद्याप आलेली नाही.

तथापि प्रस्तुत लेखकाचा रोख दीर्घायुष्य फोल आहे हे सांगण्याकडे नाही. तसे सांगणे सोपे असते, आणि पुष्कळदा ते सांगणाऱ्याचे स्वतःचे पोट भरलेले असते. मृत्यूला चकवण्याच्या कथा, मग त्या पुराणातील असोत वा विज्ञानयुगातील, लक्षपूर्वक वाचल्या की त्यांचा खरा विषय वेगळाच असल्याचे ध्यानात येते. समुद्रमंथनाची कथा घ्या. अमृत निर्माण होते तेथे ती संपत नाही; तेथे ती सुरू होते. वासुकीची दोरी दोन्ही बाजूंनी ओढली गेली, घाम दोघांनीही गाळला; पण पंगत बसली तेव्हा मोहिनी एकाच ओळीत वाढत गेली. आपल्याकडे जेवणावळीत असे वाढणाऱ्याला पंक्तिप्रपंच केल्याचा दोष लागतो. शुक्राचार्यांच्या संजीवनीचेही तेच. विद्या एका घरात कुलपबंद, म्हणून कचाला शिष्याचे सोंग घेऊन ती आणावी लागली. कारेल चापेक या चेक नाटककाराच्या 'माक्रोपुलोस प्रकरण' या १९२२ सालच्या नाटकात तीनशे वर्षांहून अधिक जगलेल्या गायिकेपाशी दीर्घायुष्याची कृती असते, आणि शेवटच्या अंकात सर्व पात्रांचा वाद रंगतो तो ही कृती खरी की खोटी यावर नव्हे, तर ती कोणाला द्यावी, सर्वांना की मोजक्या समर्थांना, यावर. अखेर एक तरुण मुलगी तो कागद जाळून टाकते. अमृत कसे करावे हा प्रश्न कथाकाराला एका वाक्यात सोडवता येतो. वाढावे कसे हा मात्र सुटत नाही, म्हणून यंत्र जाळावे लागते किंवा राहूचे मस्तक उडवावे लागते.

मराठी विज्ञानकथेने या बाबतीत काय केले? १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने आलेली 'कृष्णविवर' ही कथा पारितोषिकास पात्र ठरली आणि ते जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर असल्याचे उघड झाले, हा प्रसंग वाचकांना ठाऊक आहेच. कृष्णविवरानजीक काळ मंदावतो, हे आइन्स्टाइनच्या सिद्धान्तावरून निघणारे अनुमान मृत्यूला चकवू पाहणाऱ्या कथाकारांना वरदानच वाटले तर नवल नाही. (आपल्या रैवत राजाला याची कल्पना होती: कन्या रेवतीसाठी वर विचारायला तो ब्रह्मलोकी गेला आणि परत येतो तो पृथ्वीवर युगे उलटलेली!) परंतु नारळीकरांची या विषयाशी अधिक जवळची कथा आमच्या मते निराळी आहे: 'गंगाधरपंतांचे पानिपत'. तीत देह गोठवणे नाही, यंत्रात मेंदू नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी एका वेगळ्या जगात त्यांना न लागता अगदी जवळून निघून जाते, आणि इतिहासाचा प्रवाह बदलतो. गेल्या वर्षी, २० मे २०२५ रोजी, डॉ. नारळीकर गेले, असे म्हणताना लेखणी अडखळली. कारण काळाचे हिशेब त्यांनीच आम्हाला शिकवले होते. त्या कथेने मनात ठसवलेली गोष्ट ही, की मृत्यू हुकण्यास चार कोटी वर्षे लागत नाहीत. केसाएवढे अंतर पुरते.

केसाएवढ्या अंतराची अशीच एक कथा महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात घडली आहे. ती कल्पित नाही, म्हणूनच की काय, आमच्या विज्ञानकथाकारांच्या नजरेस ती पडलेली नाही.

महाड ज्या नदीच्या काठी आहे तिचे नाव सावित्री. महाबळेश्वरी उगम पावणारी ही सावित्री वेगळी आणि यमाच्या मागून चालत जाऊन बोलण्याच्या बळावर पतीचे प्राण परत आणणारी ती वेगळी, हे ठाऊक असूनही नाव उच्चारताना मनात दोघींची गल्लत होतेच. पाण्याला आपण 'जीवन' म्हणतो; ते कोणी प्यावे आणि कोणी नाही या पंक्तिप्रपंचाला डॉ. आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी आव्हान दिले तेही याच गावातील चवदार तळ्यावर. अशा या भागात माणसे नाना तऱ्हांनी मरत, जशी ती सर्वत्र मरतात. पण एक तऱ्हा खास कोकणची होती. लाल विंचू.

भातकापणीच्या दिवसांत भारे उचलताना, पेंढ्याची उडवी रचताना, सरपणाची मोळी सोडताना किंवा पहाटे अंधारात वहाणेत पाय घालताना हा प्राणी नांगी मारतो. रंग तांबूस, आकार असा की मोठ्या माणसाने त्याची गणतीही करू नये. गावात कोणी ना कोणी विंचू उतरवणारा असे, आणि त्याला यशही येई. कारण बहुतेक दंशांत आग भडकते, ठणका लागतो, रात्र तळमळत जाते आणि सकाळी माणूस उठून कामाला लागतो. उतारा नसता तरी तो उठलाच असता. दंशाची जागा सुन्न करणारी ठणकत असेल आणि बाकी काही नसेल, तर जिवाला सहसा भय नसते, हे आज वैद्यकाला ठाऊक आहे. पण कधी कधी, विशेषतः लहान मुलांत, ठणका दुय्यम राही आणि मूल घामाने निथळू लागे, वांत्या होत, हातपाय गार पडत. मग श्वास लागे, तोंडाशी गुलाबी फेस येई आणि सूर्योदयापूर्वी सारे आटोपलेले असे. आयुष्याची दोरी तेवढीच होती, असे म्हणून लोक घरी जात. डोलीतून वाडीवरून खाली आणलेले मूल पुन्हा डोलीतूनच वर नेताना पाहिलेली माणसे अजून या भागात आहेत, आणि ती या विषयावर फार बोलत नाहीत.

१९७० च्या दशकात, जेव्हा या जिल्ह्याचे नाव अजून कुलाबा होते, मराठवाड्यातून आलेले एक तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. डॉ. हिंमतराव बावस्कर. अशा रुग्णांना त्या काळी पाठ्यपुस्तकांच्या आधारे जे उपचार दिले जात, त्यांपैकी बरेचसे निरुपयोगी आणि काही तर अपायकारक होते. बावस्करांनी केले ते इतकेच, की ते रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासातासाची नोंद. त्यातून त्यांच्या ध्यानात आले की हा मृत्यू विषाने 'अंगात भिनून' येणारा नाही. तो हृदयाच्या वाटेने येतो. विंचवाच्या विषाने मज्जातंतूंची दारे उघडी राहतात, ते अखंड संदेश सोडत सुटतात, आणि अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचे वादळ रक्तात उठते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदय त्या दाबाविरुद्ध झगडत थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांवरील त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडातील विख्यात वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. पुढे पोलादपूरला काम करीत असताना त्यांनी एक सरळ प्रश्न स्वतःला विचारला: आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध दिले तर?

असे औषध बाजारात होतेच. प्राझोसिन, रक्तदाबाच्या रोग्यांना देण्यात येणारी गोळी, काही रुपयांची, तोंडाने घ्यावयाची. १९८६ साली बावस्कर पतिपत्नींनी आपले अनुभव 'लॅन्सेट'मधून जगापुढे मांडले. गंभीर लक्षणे झालेल्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण, जे पूर्वी तीस ते चाळीस टक्क्यांच्या घरात असे, ते प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर एक टक्क्याच्या आसपास आले. आणखी पंचवीस वर्षांनी, २०११ साली, विंचवाची प्रतिलस प्राझोसिनच्या जोडीला दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हे महाडमधील सत्तर रुग्णांवर केलेल्या रीतसर चाचणीने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये नोंदले गेले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाचे विष अर्थात पूर्वीइतकेच जहाल आहे. त्याला ती पदवी कळलेली नाही.

या घटनाक्रमात विज्ञानकथेला लागणारे सर्व काही आहे: अदृश्य शत्रू, घड्याळाशी शर्यत, आडगावचा एकटा संशोधक, अविश्वास दाखवणारे जग. एकच उणीव आहे. तीत कुलूप नाही. कचाला देवयानीने शाप दिला की तुझी विद्या तुला फळणार नाही, तेव्हा तो उत्तरला, मला न फळो, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. बिरवाडी-पोलादपूरच्या विद्येचे तेच झाले. ती छापली गेली, म्हणून देशभरातील कोणत्याही तालुक्याच्या डॉक्टरला, त्याने महाड नकाशात पाहिले नसले तरी, ती फळली. मृत्यू हुकवण्याचे तंत्र म्हटले की डोळ्यांपुढे पोलादी पिंप आणि नायट्रोजनाच्या वाफा येतात. गोळ्यांचे एक पाकीट आणि रात्रभर खाटेशी जागणारा माणूस येत नाही, हा आपल्या कल्पनाशक्तीचा पंक्तिप्रपंच आहे.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. विंचवापासून वाचलेले मूल अमर झालेले नाही. साठ-सत्तर वर्षांनी ते जायचेच. विज्ञानकथा मृत्यू पुढे ढकलू पाहत नाही, तो नाहीसा करू पाहते. तेव्हा ही तुलनाच गैरलागू नव्हे काय? याचे उत्तर आपल्या भाषेतच आहे. आपण मृत्यू आणि अकाळमृत्यू यांत भेद करतो. पिकले पान गळणे वेगळे आणि कोवळा अंकुर खुडला जाणे वेगळे. पहिल्यासाठी आपण तेरा दिवस पाळतो आणि सावरतो, दुसऱ्यासाठी सावरण्याचा विधी कोणत्याही शास्त्राने सांगितलेला नाही. वार्धक्याच्या मुळाशी जाणारे संशोधन आज अनेक प्रयोगशाळांत चालू आहे. प्रौढ पेशींना पुन्हा मूळपेशींसारखे बनवता येते हे जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली दाखवले आणि २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळवले. त्याची टवाळी आम्ही करणार नाही. पण पहिल्या मृत्यूवर आजपावेतो कोणी उपाय शोधलेला नाही आणि दुसऱ्यावरचे कित्येक उपाय कपाटात पडून आहेत, ही वस्तुस्थिती आहे. पंगतीत दुसऱ्यांदा वाढायला येणाऱ्यांची कल्पना करण्यात आपण इतके गुंगलो आहोत, की पानच न मांडलेल्यांकडे लक्ष जात नाही.

पान न मांडलेले कोण? सर्पदंशाचे पाहा. शास्त्रज्ञांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांपैकी बहुसंख्य खेड्यांतली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिलस देशात तयार होते. विद्या हाती आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले, आणि केंद्र सरकारने २०२४ साली हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना जाहीर केली. निम्म्यावर! चांगदेवांची चौदाशे वर्षे कोणी मागत नाही. दंश आणि लस यांमधील चार तासांचे दोन तास व्हावेत, एवढीच मागणी आहे. पोलादपूरच्या डोंगरातील एखाद्या वाडीवरून श्रावणात रात्री दहा वाजता निघालेल्या माणसाला ते चार तास कसे जातात, हे तालुक्याच्या गावी बसून उमजणार नाही. आधी पायवाट, मग ओढा उतरायची वाट पाहणे, मग कोणाची तरी जीप, मग दिवा असलेले दार. आणि त्या दारात 'येथे लस नाही, पुढे न्या' हे शब्द. प्रस्तुत लेखकाने ते शब्द एका रात्री स्वतःच्या कानांनी ऐकले आहेत. कोठे, ते सांगून उपयोग नाही. सांगणारा बिचारा आपल्याइतकाच हताश होता.

ज्यावर गोळी नाही अशा मृत्यूंचीही या खोऱ्याला ओळख आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि त्यासोबत एस.टी.च्या दोन गाड्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर कोसळला, ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली, आणि पुराने रस्ते बंद झाल्यामुळे मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. तेथेही प्रश्न युगांचा नव्हता, तासांचाच होता. पण तो वेगळ्या आणि मोठ्या लेखाचा विषय आहे; येथे तो मिसळून या लेखाचे मागणे पातळ करावयाचे नाही.

मागणे अगदी लहान आहे. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारावर एक काळा फळा असावा आणि त्यावर रोज सायंकाळी खडूने चार ओळी लिहाव्यात. प्राझोसिन आहे की नाही. सर्पदंशाची लस आहे तर किती कुप्या आहेत. आज रात्री डॉक्टर कोण. गाडी चालू आहे की बंद. जे नसेल ते 'नाही' असे स्वच्छ लिहावे. आणि तीच माहिती आजूबाजूच्या वाड्यांवरील आशाताईंच्या व पोलीसपाटलांच्या कानी दूरध्वनीने घालावी, म्हणजे रात्री निघालेला माणूस चुकीच्या दारी जाऊन तास दवडणार नाही. यास नवा निधी लागत नाही, नवे खाते लागत नाही, मंत्रालयाचा ठरावही बहुधा लागू नये. ज्या खोऱ्यातून विंचवावरचे औषध बाहेरच्या जगाला कळले, त्या खोऱ्यात ते आज रात्री कोठे मिळेल हे कळावे, इतकेच.

दसऱ्यानंतर भातकापणीला वेग येतो, आणि भारे उचलायला घरातील मुलेही जातात. फळे त्याआधी लागले पाहिजेत.